लाल मोटारीचे तीन रंग

मोटारीचे छायाचित्र काढणे हे माणसाचे छायाचित्र काढण्यापेक्षा निश्चितच सोपे आहे, असे माझे मत होते, आणि ते मी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उभा राहून, चार बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात मांडले होते. मोटार ऐन वेळी डोळे मिटत नाही. मोटारीला 'जरा हसा' म्हणावे लागत नाही. तिच्या मांडीवरचे मूल रडत नाही, आणि 'माझा फोटो मेला कधी चांगला येतच नाही' अशी तक्रार तर ती जन्मात करणार नाही. यातले प्रत्येक विधान आजही तपासून पाहता मला बिनचूक वाटते. त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

हे मत मांडण्याची वेळ माझ्यावर महादेवने आणली. महादेव शीव कोळीवाड्याचा. माझ्या संध्याकाळच्या यंत्ररेखनाच्या वर्गात तो काही काळ येत असे, आणि त्याच्या प्रत्येक आकृतीवर तेलाचा एक अंगठा ठरलेल्या कोपऱ्यात उमटलेला असे. पुढे त्याने लालबागेत मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. कोणा साहेबाने घाटात खडकावर आपटून टाकून दिलेली एक शर्यतीची मोटार त्याने भंगारातून उचलली आणि कित्येक पावसाळे खपून ती पुन्हा उभी केली. दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, उंची माझ्या कमरेइतकी, आणि रंग असा लाल की परळच्या नाक्यावरचा माणूस लालबागेकडे तोंड करून उभा राहिला तर त्याला उगाच काहीतरी घडल्यासारखे वाटावे.

फोर्टातल्या एका मोटर क्लबच्या शर्यती दर वर्षी उपनगरातल्या एका जुन्या धावपट्टीवर होत. क्लबच्या सभासदांच्या मोटारी वर्षभर महादेवच दुरुस्त करी, आणि शर्यतीच्या दिवशी तोच महादेव हातात पाना घेऊन दोरीच्या बाहेर उभा असे. अठ्ठावन्न साली क्लबने सभासद नसलेल्यांनाही भाग घेऊ देण्याचा ठराव केला. अट एकच. घरी बांधलेल्या मोटारीचे स्वच्छ छायाचित्र कमिटीपुढे ठेवावे. त्यावरून कमिटीची खात्री पटली तरच परवानगी.

"अरे, मग मोटारच नेऊन दाखव की," मी म्हणालो.

"बोललो ना मास्तर! तिथला कारकून बोल्ला, बाहेरच्या मान्साची गाडी कंपाउंडात आनायची नाय. नियम हाय. फोटू आना." महादेवने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तर, मला नंबर बिंबर नको. मी शेवटला आलो तरी चालंल. पन एक डाव दोरीच्या आत बसायचंय. माज्याच गाडीत. तुमी फोटू काडला तर होईल."

माझ्यापाशी दोन भिंगांचा, वरून वाकून पाहण्याचा एक उत्तम कॅमेरा होता. तंत्रविद्यालयाचे शिक्षण होते. परळच्या एका कारखान्याच्या रेखनकक्षात हयात घालवलेली असल्यामुळे कोणतीही वस्तू कागदावर कशी उतरवावी याचे ज्ञान माझ्या बोटांत होते. मी म्हणालो, "झाले समज."

आमची ही आतून म्हणाली, "लग्नातल्या फोटोत व्याह्यांचं डोकं राहिलं होतं, ते आधी सांगा त्याला."

व्याही वाजवीपेक्षा उंच होते. पण तो विषय इथे नाही.

तंत्रशिक्षित माणूस कोणत्याही वस्तूकडे तीन दिशांनी पाहतो: वरून, बाजूने आणि समोरून. या तीन दृश्यांतून वस्तूचे संपूर्ण सत्य प्रकट होते. निदान कारखान्यात तरी होत असे. त्याप्रमाणे मी तीन छायाचित्रे योजली. बाजूचे आणि समोरचे गॅरेजपुढच्या गल्लीत उभे राहून काढले. वरचे दृश्य घेण्यासाठी मात्र गॅरेजवरच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर जावे लागले. तिथे बकुळाबाई राहत. त्या मालवणच्या. मी त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्यांच्या मधून कॅमेरा बाहेर काढून कठड्यावर ओणवा झालो, तशा त्या मागून म्हणाल्या, "काय ओ मास्तर, फोटो गाडयेचो काडतास काय माज्या लुगड्याचो?"

"गाडीचा, बाई. वरून."

"वरसून? मेल्यानू, वरसून घार बगता."

फिल्म आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून घेतली होती. दुकानदाराने ती फळीच्या अगदी मागून काढली, फुंकर मारली आणि 'जुनी आहे पण कसदार आहे' असे सांगितले. ती फिल्म लाल रंगाला आंधळी असलेल्या जुन्या जातीची आहे, हे मला छायाचित्रे धुऊन आल्यावर समजले. मोटार कोळशासारखी काळी आली होती. वरच्या दृश्यात ती एखाद्या चपलेसारखी दिसत होती. समोरून बेडकासारखी. बाजूने काढताना गल्ली अरुंद असल्यामुळे मी फार जवळ उभा राहिलो होतो. त्यामुळे पुढचे चाक बैलगाडीचे, मागचे चाक बाबागाडीचे, आणि मधल्या चकचकीत दरवाजात बकुळाबाईंची लुगडी, खालच्या मजल्यावरच्या कोणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि कॅमेऱ्यावर वाकलेला मी, असा सारा प्रपंच स्वच्छ उमटलेला. वस्तुतः त्या छायाचित्रात सर्वांत सुस्पष्ट आलेली गोष्ट म्हणजे तो लेंगा.

आमच्या शेजारच्या खोलीतले हेरंबराव यांचे एक छायाचित्र पूर्वी कुठल्याशा दिवाळी अंकात आले होते. एका देवळाच्या दीपमाळेचे. त्या दिवसापासून चाळीत कोणी बोटांची चौकट करून आकाशाकडे पाहिले तरी हेरंबराव सल्ला देण्यास बाहेर येत. त्यांनी तिन्ही छायाचित्रे चष्मा कपाळावर चढवून पाहिली.

"अप्पा, तंत्र ठीक आहे. पण भाव नाही."

"मोटारीला कसला भाव?"

"तेच म्हणतो मी. शेजारी एक बाई उभी करा. घागर घेऊन."

"शर्यतीच्या मोटारीशेजारी घागर?"

"मग कळशी," हेरंबराव म्हणाले. माणूस तडजोडीला तयार होता.

मी ती तीन दृश्ये तशीच पाठवून दिली. सत्य हे सत्यच असते, आणि कमिटीत एखादा तरी यंत्रज्ञ असेलच, असा माझा विश्वास होता. आठवडाभरात उत्तर आले, ते मी गॅरेजच्या दारात उभा राहून महादेवला वाचून दाखवले. अर्जात मोटार लाल म्हटली आहे, छायाचित्रात काळी आहे. तिन्ही चित्रे तीन वेगवेगळ्या मोटारींची असावीत अशी शंका आहे. मोटार मध्यभागी वाकलेली दिसते. सबब पुन्हा छायाचित्र पाठवावे.

"वाकलेली?" महादेवचा आवाज चिरकला. "माजी गाडी वाकलेली?" तो धावत गॅरेजात गेला, मोटारीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली आणि सरळ असल्याची खात्री करून परत आला. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी आजवर फक्त परीक्षेत नापास झालेल्यांच्या पालकांत पाहिली होती. त्याची आई पुतळाबाई लालबागच्या बाजारात मासळी विकून परतताना टोपली घेऊन तिथेच टेकली होती. ती म्हणाली, "बाला, मास्तरांना बोलू नको. म्हातारा मानूस. त्याला दिसला तसा काढला."

याहून महादेव चार शब्द बोलला असता तर बरे.

मी कामाला लागलो. दादरच्या एका ग्रंथालयात बसून भिंगांवरचे ग्रंथ वाचले. जवळून काढलेली वस्तू वाकते, लांबून काढलेली सरळ राहते; तेव्हा लांब जायचे. चकचकीत रंग हा आरसा असतो. तेव्हा आरशापुढे काय आहे ते आधी पाहायचे. मोटारीचा डौल कोपऱ्यातून, पुढचे तोंड आणि एक बाजू एकत्र दिसेल अशा कोनातून कळतो. आणि ऊन डोक्यावर असताना मोटार काढणे म्हणजे माणसाला न्हाव्याच्या खुर्चीत बसवून ओळख करून देण्यासारखे आहे. हे सारे मला समजले. जे मला समजले ते कोणालाही समजावून सांगता येईल अशा रीतीने समजले, आणि चाळीत कोणी टाळले नाही तर मी ते सांगितलेही.

दुसऱ्या खेपेस मोटार आम्ही गल्लीतून काढून मोठ्या रस्त्याच्या कडेला, एका गिरणीच्या लांबलचक भिंतीपुढे नेली. फिल्म नवी, सर्व रंग ओळखणारी. पण काळ्या मोटारीचा घाव माझ्या मनावर ताजा होता. लाल रंग उजळ यावा म्हणून भिंगापुढे लाल काच लावावी, असे ग्रंथात स्पष्ट लिहिले होते. मी गडद लाल काच लावली. समोरच्या चाळीतल्या बायांना विनंती करून वाळणी उतरवून घेतली. 'तुमचो फोटो होयसर आमचे कपडे सुकतले खंय?' असे बकुळाबाईंनी रस्ता ओलांडून मुद्दाम येऊन विचारले. त्यांच्या खिडकीतून तर ती भिंत दिसतही नव्हती. पण सामान्य तत्त्वाच्या प्रश्नावर त्या कधी गैरहजर राहत नसत.

छायाचित्र नामी आले. चाके गोल आणि सारख्या मापाची. बांधा सरळ. दरवाजात नुसते आभाळ. फक्त मोटार दुधासारखी पांढरी आली होती. आणि तिच्या मागे गिरणीच्या भिंतीवर, चुन्यात रंगवलेल्या पुरुषभर अक्षरांत, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

ही अक्षरे मला दिसली नव्हती असे नाही. त्या वर्षांत ती दिसणे बंद झाले होते, एवढेच. घरातल्या माणसाला घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसे ते होते. लालबागेपासून परळपर्यंत चुना आणि गेरू पोहोचला नाही अशी भिंत नव्हती, आणि या कामाचा मोठा वाटा रघुवीरचा होता. रघुवीर पाट्या रंगवण्याचा धंदा करी आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे काम रात्रंदिवस. त्याच्या 'झा'चा फाटा मला नेहमी थोडा आखूड वाटे, आणि तसे मी त्याला दोनदा थांबवून सांगितलेही होते. विचाराने मी त्याच्याच बाजूचा होतो, मतभेद फाट्यापुरता.

या वेळी मी महादेवला घेऊन जातीने क्लबात गेलो. सेक्रेटरी सोराबजी हे एक गोरेपान, भुवया जाड असलेले, सभ्य पारशी गृहस्थ. त्यांनी दोन्ही खेपांची छायाचित्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"मास्तरसाहेब, मला सीदा सांगा. तुमचा मोटार काला हाय, सफेद हाय, का लाल हाय?"

"लाल आहे."

"मग हा सफेद कोनाचा?"

मी प्रकाशाच्या लहरी, फिल्मचा स्वभाव आणि रंगीत काचेचे कार्य या विषयावर क्रमवार विवेचन केले. सोराबजींनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग महादेवकडे वळून हळूच विचारले, "हे तुझे फादर?"

"मास्तर हायेत माजे."

"अच्छा माणूस हाय," सोराबजी सहानुभूतीने म्हणाले. "पन दिकरा, कमिटीला काय सांगू? पयली काली, मग धवली. आनि हे पाठीमागे! हे नाय चालणार. कमिटीमदी सगले जातीचे, सगले मताचे लोक. माझा एक मेंबर तर हा फोटो बघून चाय टाकून उठून जाईल. पॉलिटिक्स नाय पायजे. शनवारी शेवटची मीटिंग. त्या दिवशी लाल मोटारचा फोटो आना, नाय तर पुढच्या साली भेटू."

क्लबच्या अंगणात सभासदांच्या मोटारी ओळीने उभ्या होत्या. महादेव त्यांच्यामधून चालला तेव्हा नकळत एकीच्या बॉनेटवर हात ठेवून, आत काय वाजते आहे हे ऐकल्यासारखा थबकला. "हिचा वॉल्व मीच घासला," तो म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला.

रंगाचा प्रश्न सोपा होता. काच काढून टाकायची. प्रश्न भिंतीचा होता.

"मास्तर, चुना मारू," महादेव म्हणाला. "तेवड्याच भिंतीला. फोटू झाला की रघुवीर परत लिवंल."

"नाही." मी थांबलो. "ज्या अक्षरांसाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या ती मी एका छायाचित्रासाठी पुसणार नाही. तुझ्या शर्यतीसाठीही नाही."

महादेवने मान खाली घातली. "मी पन नाय पुसनार," तो म्हणाला. "नुसतं बोल्लो."

मग आम्ही कोरी भिंत शोधू लागलो. लालबाग, परळ, दादरचा मागचा भाग, सारे पायी पालथे घातले. भिंतीकडे पाहत, मान तिरकी करून, मधूनच एक डोळा मिटून मी चालत असे, आणि मागून महादेव. अखेरीस एक कोरी भिंत सापडली. ती पोलीस चौकीची होती. मी तिच्यापुढे अंतर मोजत मागे मागे चाललो असताना एका हवालदाराच्या पोटावर आदळलो. हवालदाराचे नाव कोंडीराम, गाव साताऱ्याकडचे.

"काय चाललंय आजोबा?"

"भिंतीचा अभ्यास."

"कुठल्या बाजूनं उडी टाकायची, त्याचा?"

मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. कोंडीराम म्हणाले, चौकीपुढे छायाचित्र काढायचे तर मोठ्या कचेरीची लेखी परवानगी हवी. मोठ्या कचेरीत मला सांगितले की, भिंत चौकीची असल्यामुळे चौकीची हरकत नसल्याचे लेखी हवे. हे दोन्ही कागद परस्परांवर अवलंबून असल्यामुळे गणिती दृष्ट्या ते एकाच क्षणी निर्माण व्हायला हवे होते. तो क्षण येण्यापूर्वीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकीच्या भिंतीवर पुरुषभर अक्षरे झळकली. रघुवीरच्या नजरेतून ती भिंत आजवर निसटली होती. मी तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहतो आहे हे त्याने पाहिले, आणि ती त्याला सापडली. कोंडीराम हवालदारांनी माझे नाव, पत्ता आणि 'अभ्यासाचे' कारण सविस्तर लिहून घेतले. निघताना रघुवीरने मला गाठून कानात सांगितले, "अप्पा, 'झा'चा फाटा लांबवलाय बघा या वेळी."

भिंत हलत नाही आणि अक्षरे पुसायची नाहीत, तर मग अक्षरे वाचता येणार नाहीत असे काही करायला हवे. हा विचार मला न्हाव्याच्या दुकानात सुचला. समोर जुन्या वर्तमानपत्रात घोड्यांच्या शर्यतीचे एक छायाचित्र होते. घोडा रेखीव, मागचा सारा प्रेक्षकवर्ग मात्र पुसून ओढल्यासारखा. मी अर्ध्या दाढीनिशी उठून उभा राहिलो. छायाचित्रकाराने शटरची झडप सावकाश ठेवून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवला होता! जे बरोबर धावते ते स्थिर, जे स्थिर ते धावते. मोटार धावती काढायची. शर्यतीच्या मोटारीला उभी करून काढणे ही मुळातच चूक होती, आणि ही चूक कमिटीच्याही लक्षात आली नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे.

सराव सुरू झाला. माझ्या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहिले असता डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. ट्राम उजवीकडे जाई, काचेत ती डावीकडे निघे, आणि मी तत्परतेने तिच्या उलट दिशेला गर्रकन फिरे. पहिल्या दिवशी मी एका केळेवाल्याला, एका टपालपेटीला आणि हेरंबरावांना धडकलो. हेरंबराव तेव्हा सकाळच्या निकडीने, हातात टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाकडे निघाले होते. त्यांचा वेग सरावाला आदर्श होता. मग शोध लागला की, कॅमेऱ्याच्या झाकणाला एक चौकोनी खिडकी आहे. तिच्यातून सरळ नजरेने पाहता येते. त्यानंतर माझी प्रगती झपाट्याने झाली. ट्राम, सायकली, पळती कोंबडी, सारे मी कमरेतून वळत, श्वास रोखून टिपू लागलो.

"रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर मान फिरवता," आमची ही म्हणाली. "या वयात. समोरच्या वाडीतल्या बायकांनी मला विचारलं, यांना काही होतंय का."

"तू काय सांगितलेस?"

"सांगितलं, पूर्वीपासूनच आहे."

तंत्र हाती आले. आता रस्ता हवा होता. लालबागेत मोटार वेगाने धावावी इतका मोकळा रस्ता कधीच नसतो. हातगाड्या, ट्राम, पाळी सुटलेल्या गिरण्यांचे कामगार. मोटारीच्या आणि माझ्या मधे सदैव कोणीतरी. आणि शनिवार तर दारात आला. अशा वेळी शुक्रवारी लालबाग-परळ भागात समितीने हरताळ पुकारल्याची बातमी आली. ट्राम बंद, दुकाने बंद, गिरण्या बंद. मला वाटले, परमेश्वराने रस्ता झाडून ठेवला.

हरताळाच्या दिवशी वाहन रस्त्यावर आणणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे वाचकांनी समजू नये. मी त्याचा पूर्ण विचार केला होता. हरताळ म्हणजे धंदा बंद ठेवणे. छायाचित्रण हा माझा धंदा नव्हे. मोटार चालवणे हा महादेवचा धंदा नव्हे; त्याचा धंदा ती दुरुस्त करण्याचा, आणि तो त्याने कडकडीत बंद ठेवला होता. या युक्तिवादात मला एकही फट दिसली नाही.

सकाळच्या तिरप्या, मऊ उन्हात महादेव मोटार घेऊन निघाला. रस्ता दूरवर रिकामा. मी पदपथावर पाय रोवून, कोपरे अंगाला चिकटवून उभा. मोटारीचा आवाज बंद दुकानांच्या फळ्यांवरून घुमला, आणि त्या आवाजासरशी साऱ्या गल्ल्यांची तोंडे उघडली. पाहता पाहता रस्ता माणसांनी भरला. मोटार मध्येच अडली.

"ए, खाली उतर! आज गाडी काढतोस?"

"लाजबीज आहे काय? मिल मालकाची दिसते!"

कोणाच्या तरी हातात दगड होता. महादेव चाकावरचे हात न काढता बसून राहिला. त्याचे सारे लक्ष त्या दगडाकडे आणि ताज्या रंगाकडे. मी गर्दीत शिरलो आणि माझा युक्तिवाद पहिल्या मुद्द्यापासून मांडू लागलो. दुसऱ्या मुद्द्याला माझी टोपी गेली.

"अप्पा!" रघुवीर माणसांना बाजूला सारत आला. "काय करताय काय तुम्ही?"

मी त्याला एका वाक्यात सांगितले. युक्तिवाद वगळला. "उद्या याचा फोटो गेला नाही तर हा दोरीच्या बाहेरच राहील."

"लालबागचा मानूस," महादेव मोटारीतूनच म्हणाला, "सायेबांच्या शर्यतीत एकदा तरी बसू दे ना रे."

"तू कधीपासून लालबागचा? कोळीवाड्याचा ना तू?" कोणीतरी म्हणाले.

"त्याचं गॅरेज लालबागला आहे," मी म्हणालो.

हा मुद्दा मात्र लोकांना ताबडतोब पटला. दगडवाल्याने दगड खाली टाकला. "सायबांच्या गाड्यांच्या संगती धावनार म्हनतोस? ही? हीच?" त्याने मोटारीवर हात फिरवला. "मग थांबलाय कशाला?"

रघुवीरने क्षणभर विचार केला आणि निर्णय दिला. मोटार धावेल, पण हरताळ मोडून नव्हे, समितीच्या साक्षीने. सर्वांनी समोरच्या कडेला ओळीने उभे राहावे, निशाणे हाती घ्यावीत, घोषणा थांबता कामा नयेत.

"रघुवीर," मी खालच्या आवाजात म्हणालो, "कमिटीला घोषणा चालत नाहीत."

"मग फोटो तुम्ही काढा आणि घोषणा आम्ही देऊ. ज्याचं काम त्यानं करावं."

गिरणीच्या भिंतीसमोर माणसांची दुसरी भिंत उभी राहिली. गॅरेजवरच्या चाळीतून बकुळाबाई खाली आल्या. पुतळाबाई रिकामी टोपली डोक्यावर उपडी घालून पुढच्या ओळीत. महादेवने मोटार मागे नेली, वळवली, आणि सोडली. मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून तिला दुरून पकडले, कमरेतून वळू लागलो, आणि ती ऐन समोर आली तेव्हा बोट दाबूनही वळतच राहिलो, जसे वळायचे असते तसे. साऱ्या रस्त्याने एकदम घोषणा दिली. माझा हात हलला नाही. पुन्हा एकदा, आणि पुन्हा, फिल्म संपेपर्यंत महादेव त्या रस्त्यावर ये-जा करीत राहिला, आणि प्रत्येक खेपेस माणसे पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडली.

शनिवारी सोराबजींनी छायाचित्र हातात घेतले आणि खिडकीपाशी नेले. मोटार अशी रेखीव होती की चाकांची तार न् तार फिरताना दिसावी. रंग काळा नव्हता, पांढराही नव्हता. ज्याला लाल म्हणता येईल असा भारदस्त करडा होता. मागे सारे आडवे ओढलेले, उजळ-गडद पट्टे. ना भिंत, ना अक्षर.

"हां! हे मोटार!" सोराबजी म्हणाले. "बघ, कसा पलते हाय! आनि पॉलिटिक्सबिलिटिक्स काय नाय." त्यांनी भिंग मागवले आणि पट्ट्यांवरून फिरवले. "झाडी पन लई सरस हाय. कुठे काढला? खंडाळा?"

महादेवने माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात खोटे बोललेलो नाही, आणि त्या दिवशी सुरुवात करण्याचे कारण नव्हते.

"लालबाग," मी म्हणालो.

"लालबागला एवढी झाडी?"

"फार दाट आहे."

कमिटीने त्याच संध्याकाळी परवानगी दिली.

शर्यतीच्या दिवशी महादेव दोरीच्या आत बसला. त्याने केसांना तेल लावले होते आणि पुतळाबाईने मोटारीच्या नाकाला नारळाचे पाणी. झेंडा पडला तेव्हा तो अगदी मागच्या ओळीत होता. सुटता सुटता त्याने दोघांना मागे टाकले, आणि पहिल्या वळणावर तिसऱ्याला. मी सोराबजींच्या शेजारी, खास पाहुण्यांच्या जागेत होतो. कॅमेरा गळ्यात होता, आणि माझा आत्मविश्वास जागच्या जागी होता.

महादेव दुसरा फेरा घेऊन पलीकडच्या कुंपणापाशी आला, आणि कुंपण गरजले. सोराबजींनी दुर्बीण लावली. कुंपणाला लागून, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालबाग उभी होती. निशाणे घेऊन, टोप्या उडवीत, हाताच्या मुठी वर करून. लाल मोटार समोरून जाई तशी ती घोषणा तिच्याबरोबर पळत जाई, आणि एकेक शब्द इतका स्वच्छ ऐकू येत होता की कोणत्याही काचेची गरज नव्हती.

सोराबजी बराच वेळ पाहत राहिले. मोटारींकडे नव्हे. मग त्यांनी दुर्बीण खाली केली आणि जाड भुवया उचलून माझ्याकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा झाडी तर बोलते हाय."